घरोघरी शास्त्रज्ञ!

रात्रीचे साडेदहा वाजले आहेत. जेवणे आटोपली, टीव्हीवरची मालिका संपली. आजोबा उठतात आणि पंख्याचा रेग्युलेटर पाचवरून दोनवर आणतात.

"राहू द्या ना बाबा, उकडतंय," सून म्हणते.

"दोनवर पुरे. वीज वाचते."

"काही वाचत नाही," मुलगा वर्तमानपत्रातून डोके वर न काढता सांगतो. "पंखा जोरात फिरवा नाहीतर हळू, मीटर पळायचं तेवढंच पळतं. आमच्या ऑफिसात वायरिंगला आलेला माणूसच सांगत होता."

"पन्नास वर्षं मी बिलं भरतोय!" आजोबांचा आवाज चढतो. नातू मोबाइलमध्ये उत्तर शोधू लागतो आणि आजी अंथरूण घालता घालता म्हणते, "पंख्याखाली झोपून सांधे धरतात, ते मात्र कोणी बोलत नाही."

हे घर पुण्याचे असेल, इंदूरचे असेल, बडोद्याचे असेल. नाहीतर नोकरीनिमित्त बंगळूरला जाऊन राहिलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाचे असेल. वाद तोच! क्रिकेट आणि राजकारण यांच्या खालोखाल आपल्याकडे सर्वांत जास्त मते कशावर असतील, तर ती घरातल्या यंत्रांवर. फ्रिजमध्ये गरम वस्तू ठेवावी की नाही, डाळीला शिट्ट्या किती, मोबाइल रात्रभर चार्जिंगला लावावा का, कूलर लावल्यावर खिडकी उघडी हवी की बंद? प्रत्येकाकडे उत्तर तयार असते आणि ते ठाम असते. शाळेत विज्ञानात काठावर पास झालेला माणूसही या विषयात माघार घेत नाही.

बरे, पंख्याच्या वादात बरोबर कोण? गंमत अशी, की बापलेक दोघेही. फक्त दोघांच्या डोक्यातला रेग्युलेटर वेगवेगळा आहे.

भिंतीवरचा तो जुना चौकोनी डबा आठवून पाहा. खटखट आवाज करत फिरणारी कळ आणि हात लावला तर चांगला गरम लागणारा! त्याच्या पोटात तारेचे वेटोळे असे. पंखा हळू करायचा म्हणजे विजेच्या वाटेत ही तार आडवी घालायची. त्यामुळे पंख्याच्या वाट्याला वीज कमी येई हे खरे, पण उरलेल्या विजेतली बरीचशी त्या तारेत तापून फुकट जाई. डबा गरम लागे तो त्यामुळेच. बिलात पडणारा फरक अगदी किरकोळ. "मीटर तेवढंच पळतं" हे मत या डब्याच्या काळातले आहे आणि त्या काळापुरते ते जवळजवळ बरोबर होते.

पुढे स्विचबोर्डातच बसणारा, बटणाएवढा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आला. तो वीज तापवून फुकट घालवत नाही, मुळात कमी देतो. त्यामुळे आज दोनवरचा पंखा पाचवरच्या पंख्यापेक्षा खरोखरच कमी वीज खातो. म्हणजे आज आजोबा बरोबर! अर्थात हेच मत ते पन्नास वर्षे देत आले आहेत आणि त्यातली बरीच वर्षे ते चुकत होते, हे त्यांना सांगायला कोणी जाऊ नये.

नातवाने मोबाइलमध्ये काय शोधले? तर नवा, बीएलडीसी मोटरचा पंखा. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात सत्तर-पंचाहत्तर वॅट वीज घेतो, हा तीसच्या आसपास. दिवसाला दहा तास चालला तर महिन्याला साधा पंखा बावीस युनिट खाईल आणि हा नऊ. रेग्युलेटरच्या वादात जेवढी वाचेल, त्याहून जास्त वीज रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा बंद केला तर वाचते, हे मात्र घरात कोणीच बोलले नाही. पंखा खोली गार करत नाही. तो अंगावरचा घाम वाळवतो, म्हणून आपल्याला गार वाटते. खोलीत माणूस नसेल, तर तो कोणासाठी फिरतो?

यंत्र गेले, मत राहिले

घरगुती मतांचे असे बरेचदा होते. मत जन्माला येते तेव्हा त्याच्यामागे काहीतरी खरे असते. मग यंत्र बदलते आणि मत मागे उरते. बाप मुलाला सांगतो, मुलगा नातवाला. कोणाला असे वाटत नाही, की ज्या वस्तूबद्दल हे सांगितले होते, ती भंगारात जाऊन वीस वर्षे झाली!

मोबाइलच्या बॅटरीचेच घ्या. "पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये, नाहीतर बॅटरी खराब होते," असे अजूनही कितीतरी जण बजावतात. भारतात पहिला मोबाइल कॉल झाला तो ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळातल्या विटेएवढ्या फोनमध्ये, बिनदोरीच्या फोनमध्ये, दाढीच्या यंत्रात निकेलच्या बॅटऱ्या असत. निकेल-कॅडमियमची बॅटरी पुन्हा पुन्हा अर्धवट उतरवून भरली, तर तिला जणू तेवढ्याच कामाची सवय लागे आणि ती लवकर मान टाकू लागे. तिच्या बाबतीत हा सल्ला योग्यच होता.

आजच्या फोनमध्ये लिथियमची बॅटरी असते आणि तिचा स्वभाव नेमका उलटा आहे. तिला तळाशी जाणे सोसत नाही. थोडे थोडे भरत राहिलेले तिला चालते. रात्रभर चार्जरला लावून ठेवले तर ती "जास्त भरून" फुगत नाही, कारण भरल्यावर फोनच वीज घेणे थांबवतो. तिचा खरा शत्रू उष्णता. उशीखाली, गादीवर, उन्हात उभ्या मोटारीत फोन चार्ज करणे वाईट. रात्रभर लावायचाच असेल, तर टेबलावर, मोकळ्या हवेत लावावा आणि चार्जर रस्त्यावरचा स्वस्तातला नको.

दुसरे उदाहरण टीव्हीचे. "लांब बस, डोळे जातील," हे वाक्य ऐकल्याशिवाय मोठा झालेला एकही मुलगा या देशात नसेल. लांब बसण्यामागे एक जुनी हकिगत आहे. १९६७ साली अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीच्या रंगीत टीव्हीमधून प्रमाणाबाहेर क्षकिरण बाहेर पडतात असे आढळले. ते संच परत घेऊन दुरुस्त करावे लागले आणि पुढच्याच वर्षी तिथे अशा किरणांवर मर्यादा घालणारा कायदा झाला. म्हणजे धास्ती अगदीच निराधार नव्हती. पण आपल्याकडे रंगीत टीव्ही आला तोच १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वेळी. तोवर तो दोष केव्हाच निघाला होता. आणि आता तर जाडजूड पिक्चर ट्यूबच उरली नाही, तर तिच्यातून किरण कुठले यायचे? जवळून, एकटक, पापणी न लववता पाहिले तर डोळे कोरडे पडतात आणि थकतात, हे मात्र आजही खरे. ते टीव्हीपेक्षा हातातल्या फोनला जास्त लागू आहे. पण "लांब बस" म्हणणारे आजोबा स्वतः फोन नाकाला लावून बातम्या वाचत असतात, त्यांना सांगणार कोण?

नागपूरचा कूलर ठाण्यात

काही मतांना काळ असतो, तसे काहींना गाव असते. नागपूरची ताई उन्हाळ्यात ठाण्याच्या भावाकडे येते आणि पहिल्याच दिवशी म्हणते, "एसीला एवढे पैसे कशाला घातलेस? एक कूलर आणायचा. आमच्याकडे पंचेचाळीस तापमानात आम्ही पांघरूण घेऊन झोपतो!" भाऊ म्हणतो, "कूलरने काही होत नाही ताई, नुसतं चिकट होतं." ताईला वाटते, भाऊ शहरात राहून शिष्ट झाला. भावाला वाटते, ताई बढाया मारते. दोघेही खरेच बोलत आहेत.

कूलरचे काम पाणी वाळवण्याचे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेते. तेच एक लिटर पाणी चुलीवर उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळजवळ आठपट! माठातले पाणी याच कारणाने गार होते. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून बंगले गार ठेवत, तेही यामुळेच. पण त्यासाठी हवा तहानलेली हवी. मे महिन्यातल्या दुपारी विदर्भातली हवा इतकी कोरडी असते, की आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. तिथे कूलर हवेचे तापमान दहाबारा अंशांनी सहज उतरवतो. ठाण्या-मुंबईची हवा समुद्राच्या ओलाव्याने आधीच भरलेली. ती आणखी पाणी घेणार किती? तापमान उतरते तीनचार अंश आणि ओलावा वाढल्यामुळे घाम वाळेनासा होतो. मुंबईतला माठही म्हणूनच नागपूरच्या माठाइतका गार होत नाही. त्यात माठ बनवणाऱ्याचा काही दोष नसतो.

आणि त्या खिडकीचे? कूलर लावला की "गार हवा बाहेर जाईल" म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावणारी घरे विदर्भात आणि माळव्यातही सापडतात. एसीचा नियम त्यांनी कूलरला लावलेला असतो. एसी खोलीतलीच हवा फिरवून गार करतो आणि तिच्यातला ओलावा काढतो, म्हणून तिथे खिडकी बंद हवी. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि तिच्यात ओलावा भरतो. त्या हवेला जायला वाट नसेल, तर नागपुरातच तासाभरात ठाणे होते!

शिट्ट्यांचे गणित

आता स्वयंपाकघरात जाऊ. इथल्या मतांना कोणी आव्हान देत नाही, कारण ताट त्यांच्याच हातून मिळायचे असते.

प्रेशर कुकरचा मूळपुरुष म्हणजे देनी पापँ नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ. १६७९ साली त्याने लंडनमध्ये हाडे मऊ शिजवणारे घट्ट झाकणाचे भांडे तयार केले. भांडे फुटू नये म्हणून वजनाने दाबून धरलेली झडप बसवण्याची युक्तीही त्याचीच. १६८२ मध्ये रॉयल सोसायटीच्या विद्वान मंडळींना त्याने या भांड्यात शिजवलेले जेवण घातले आणि जॉन एव्हलिन यांनी आपल्या रोजनिशीत त्या मेजवानीची तोंडभरून स्तुती लिहून ठेवली. हाडेसुद्धा लोण्यासारखी मऊ झाली होती! पण शिट्ट्या मोजून स्वयंपाक करावा हे काही पापँला सुचले नव्हते. ती कामगिरी आपली. "भाताला दोन, डाळीला चार, छोल्यांना सात" हे माप देशभर इतके रुळले आहे, की परदेशी गेलेली मुलगी आईला फोन करून आधी शिट्ट्याच विचारते.

आणि तिथेच फसते! शिट्टी हे काही वेळेचे माप नव्हे. आतला दाब ठरावीक मर्यादेवर गेला की वजन उचलले जाते आणि जादा वाफ बाहेर पडते, एवढाच तिचा अर्थ. आच मोठी असेल, तर चार शिट्ट्या चार मिनिटांत होतील आणि डाळ कच्ची राहील. आच मंद असेल, तर त्याच चार शिट्ट्यांना वीस मिनिटे लागतील. कुकर लहान की मोठा, पाणी किती, झाकणाची रबरी रिंग सैल झाली आहे का, या सगळ्यावर शिट्टी अवलंबून. एकाच घरात, एकाच कुकरवर, एकाच बाईच्या हातात शिट्टीचे माप उत्तम चालते, कारण बाकी काहीच बदलत नाही. घर बदलले की गणित चुकते. म्हणूनच कुकरसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत मिनिटे दिलेली असतात. ती पुस्तिका बहुतेक घरांत पहिल्याच आठवड्यात रद्दीत जाते.

मोठ्या आचेवर शिट्ट्यांवर शिट्ट्या काढल्याने लवकर शिजते, हेही मत तपासून पाहण्यासारखे आहे. साध्या पातेल्यात पाणी शंभर अंशांना उकळते आणि कितीही जाळ केला तरी त्याच्या वर जात नाही. कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे ते १२० अंशांच्या आसपास पोचते. शिजण्याचा वेळ कमी होतो तो या वीस अंशांमुळे. पण एकदा पूर्ण दाब आला की तापमान तिथेच थांबते. त्यानंतर मोठी आच फक्त वाफ आणि गॅस बाहेर घालवते. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून मिनिटे मोजावीत. डाळ तेवढ्याच वेळात शिजते.

कुकर आणि गॅस नवे होते तेव्हा त्यांच्यावरही कमी आक्षेप नव्हते. १९५५ साली मुंबईत बर्मा शेल कंपनीने स्वयंपाकाचा गॅस विकायला सुरुवात केली. पुढे तो घरोघर पोचू लागला, तेव्हा "गॅसवरच्या जेवणाने पोटात गॅस होतो" असे गंभीरपणे सांगणारे लोक होते. कुकरमध्ये जीवनसत्त्वे मरतात, असेही म्हणत. प्रत्यक्षात कमी वेळ, झाकलेले भांडे आणि कमी पाणी यामुळे ती उघड्या पातेल्यापेक्षा कुकरमध्ये टिकण्याचीच शक्यता जास्त. चुलीच्या धुराने डोळे गेलेल्या बायकांबद्दल मात्र ही मंडळी काही बोलत नसत.

स्वयंपाकघरातले जे मत खरोखर आजारी पाडू शकते, ते फ्रिजचे आहे. "पूर्ण गार झाल्याशिवाय काही आत ठेवायचं नाही!" हेतू चांगला. उकळते पातेले आत ठेवले, तर फ्रिजला जास्त काम पडते आणि शेजारचे दूध तापते. पण "पूर्ण गार" होण्याची वाट पाहता पाहता रात्रीचा भात ओट्यावर सकाळपर्यंत राहतो आणि मग फ्रिजमध्ये जातो. तांदळात एका जातीच्या जिवाणूंचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत. उबदार ओट्यावर रात्रभरात ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष भात पुन्हा परतल्याने, फोडणी दिल्याने जात नाही. फोडणीचा भात खाऊन उलट्या झाल्या की दोष शेंगदाण्यांना किंवा तेलाला दिला जातो! साधा उपाय असा: भात पसरट भांड्यात काढावा, वाफ गेली की झाकून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. किंचित कोमट असला तरी बिघडत नाही.

फ्यूज आहे ना, मग काय होतंय?

इथवरच्या मतांनी फार तर डाळ कच्ची राहते, बिल वाढते, पोट बिघडते. पण घरात अशीही काही मते फिरत असतात, ज्यांच्यामुळे जीव जातो. ती तितक्याच सहजपणे, चहा पिता पिता सांगितली जातात.

"नवीन एमसीबी बसवलेत, आता शॉकची भीती नाही." हे मत वरवर शहाणपणाचे वाटते, पण त्याच्यामागचे आकडे पाहा. सहा अँपिअरचा एमसीबी सहा अँपिअरहून जास्त वीज वाहू लागली की तुटतो. साठ वॅटच्या साध्या बल्बमधून पाव अँपिअर वीज जाते. आणि माणसाचा जीव घ्यायला त्याहूनही कितीतरी कमी, अँपिअरचे काही शतांशच पुरतात! म्हणजे माणूस तारेला चिकटला, तरी एमसीबीच्या हिशेबी ते एखाद्या बल्बएवढेदेखील नसते. फ्यूज आणि एमसीबी असतात ते वायर जळू नये, आग लागू नये म्हणून. माणसाला वाचवतात दोन गोष्टी: अर्थिंग आणि आरसीसीबी.

अर्थिंग म्हणजे तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड, लांब पिन आणि तिला जोडलेली हिरवी तार. कूलरच्या, वॉशिंग मशीनच्या, इस्त्रीच्या पत्र्यात चुकून वीज उतरली, तर ती या तारेने जमिनीत निघून जाते. त्या वेळी इतकी वीज वाहते, की एमसीबी झटकन पडतो. पिन लांब ठेवली आहे ती प्लग घालताना सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. पण प्लग सॉकेटात बसत नाही म्हणून हीच पिन मोडून टाकणारे, दोन पिनांचा जोड लावून काम भागवणारे, हिरवी तार "जादा आहे" म्हणून कापून टाकणारे हौशी कारागीर गल्लोगल्ली आहेत. यंत्र तर चालतेच! अर्थिंग नसल्याचे चालू यंत्राला कळत नाही. ते कळते ओल्या हाताने कूलरच्या पत्र्याला स्पर्श करणाऱ्याला. कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून कोणी दगावल्याची बातमी विदर्भात दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून येते. नागपूरच्या ताईने भावाला कूलरची शिफारस जरूर करावी, पण पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढावा, हेही सांगावे.

आरसीसीबी हे मुख्य बोर्डावर बसवायचे छोटे उपकरण. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा ते सतत हिशेब ठेवते. ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे अँपिअरच्या तीन शतांशांचा फरक पडला, तरी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ते पुरवठा तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचेच मागावे. त्यावर "टेस्ट" असे लिहिलेले बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबले की पुरवठा तुटला पाहिजे. तुटला नाही, तर उपकरण निकामी झाले असे समजून इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

गॅसच्या बाबतीतही असेच. सिलिंडरच्या वरच्या पट्ट्यांवर इंग्रजीतले ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि पुढे वर्ष रंगवलेले असते. "गॅस एक्स्पायर होतो" असे समजून लोक घाबरतात. गॅस शिळा होत नाही. ती तारीख सिलिंडरची पुढची चाचणी कधी करायची याची असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे पुढे. ती उलटून गेलेला सिलिंडर घेऊ नये. नारिंगी नळीवरही वर्ष छापलेले असते. ती पाच वर्षांनी बदलायची.

स्वयंपाकघरात गॅसचा वास आला, तर पहिले मत येते ते "एक्झॉस्ट फॅन लावा" असे. ते अजिबात ऐकू नये! हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. बटण दाबताना उडणारी बारीकशी ठिणगीही त्याला पुरते. लावायचे बटण लावू नये, बंद करायचेही बंद करू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा आणि घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. स्वयंपाकाच्या गॅसची ही तातडीची सेवा २०१६ पासून सुरू आहे.

न्हाणीघराची खिडकी

मूळ गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून इथाइल मर्केप्टन नावाचे उग्र वासाचे रसायन त्यात मुद्दाम मिसळतात. यातूनच एक धोक्याचे मत तयार झाले आहे. "गॅस गिझर आहे, पण काळजी नाही, काही झालं तर वास येईलच."

वास येतो तो न जळलेल्या गॅसचा. बंद न्हाणीघरात गिझर पेटला की त्याची ज्योत हळूहळू हवेतला ऑक्सिजन संपवते. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्याने खोकलाही येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, पाय गळतात. आंघोळ करणाऱ्याला वाटते, कढत पाण्याने भोवळ आली, जरा बसावे. बसलेला माणूस मग उठत नाही. दाराला कडी असते. पाण्याचा आवाज चालू असतो, त्यामुळे बाहेरच्यांना वाटते, आंघोळ चालली आहे. दिल्ली-ग्वाल्हेरकडच्या थंडीत रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणाऱ्यांचेही याच वायूने प्राण जातात.

असे कोणी आढळले, तर आधी दारे-खिडक्या उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे, गिझर बंद करावा, १०८ किंवा ११२ ला फोन करावा आणि डॉक्टरांना "गॅस गिझर चालू होता" हे न विसरता सांगावे. नाहीतर निदान भलतेच होऊ शकते. गॅस गिझरची जागा न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत. गरम पाणी नळाने आत आणावे. ते होईपर्यंत बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, दार थोडा वेळ उघडे ठेवावे आणि मगच आंघोळीला जावे.

सुरुवातीच्या त्या घरातही गॅस गिझर आहे आणि तो न्हाणीघरातच आहे. पंख्याखाली सांधे धरतात म्हणणाऱ्या आजींचे न्हाणीघराबद्दलही एक मत आहे. "खिडकी उघडी ठेवा, वाफ कोंडली की चक्कर येते." मुलगा हसतो. वाफेने कधी चक्कर येते का? त्याचे म्हणणे असे, की थंडीत गार वारा आत येतो आणि मुलांना सर्दी होते. म्हणून दर डिसेंबरला तो खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांवर पुठ्ठा ठोकतो आणि दर डिसेंबरला आजी तो काढून टाकतात. वाफेचे कारण आजींनी चुकीचे दिले आहे. पण यंदा पुठ्ठा ठोकायचा नाही आणि गिझर बाहेर गॅलरीत नेण्यासाठी प्लंबरला याच आठवड्यात फोन करायचा.